दोन पंचांगांतील एक लढाई: परस्परविरोधी साधनांतून नाविक युद्धाचा वृत्तांत कसा जुळवावा

ठाण्यातील नौपाड्यात आमचा रविवारचा एक छोटा अभ्यासवर्ग भरतो. गेल्या पावसाळ्यात आम्ही सतराव्या शतकातील इंग्रज-डच युद्धांपैकी ‘चार दिवसांची लढाई’ वाचायला घेतली आणि पहिल्याच बैठकीत तारखेवरून वाद उभा राहिला. एका सभासदाच्या टिपणात लढाईचा प्रारंभ १ जून १६६६ असा होता आणि दुसऱ्याच्या टिपणात ११ जून १६६६. दोघांनीही उतारा नीट उतरवून घेतला होता, दोघांची मूळ पुस्तके भारदस्त होती, आणि पुढे कळले त्याप्रमाणे दोघांचेही बरोबर होते. त्या दिवसापासून चार महिने आम्ही जी पद्धत बसवत गेलो ती येथे लिहीत आहे, म्हणजे अशाच कामाला हात घालणाऱ्याचे पहिले काही आठवडे वाचतील.

एवढ्या दूरच्या लढाईशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. फेब्रुवारी १६७३ मध्ये याच वैरातून रायक्लॉफ फान खुन्स यांचे डच आरमार मुंबईसमोर येऊन उभे राहिले होते आणि मुंबईचे इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांनी बेटाच्या बचावाची तयारी केली होती. त्या वेळी ठाणे आणि साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. १६७९ च्या खांदेरीच्या झुंजीसाठी आपण ज्या इंग्रजी पत्रांवर विसंबतो, ती याच दर्यावर्दी परंपरेतल्या माणसांनी, याच सवयींनी लिहिलेली आहेत. उत्तर समुद्रावरील लढाईवर हात बसला की आपल्या किनाऱ्यावरील कागद वाचताना तोच हात कामी येतो.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. ‘हे साधन विश्वसनीय, ते अविश्वसनीय’ अशी वाटणी करून कामाला लागू नये. पारखायचे असते ते एकेक विधान. तोच कप्तान आपल्या जहाजाची डोलकाठी केव्हा तुटली हे अचूक सांगतो आणि त्याच पानावर शत्रूची किती जहाजे बुडाली हे साफ चुकीचे सांगतो. पहिली गोष्ट त्याच्या डोक्यावर कोसळलेली असते आणि दुसरी त्याने धुरापलीकडे पाहिलेली किंवा नुसती ऐकलेली असते. त्याला खरा किंवा खोटा ठरवले, तर दोन्हींपैकी एक विधान आपण नाहक गमावतो किंवा नाहक स्वीकारतो.

तारखा आधी एका मापात आणाव्यात

इंग्लंड त्या काळी जुनी, म्हणजे ज्युलियन, कालगणना पाळत होते. हॉलंड आणि झीलंड या प्रांतांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीसच नवी, ग्रेगोरियन, कालगणना स्वीकारली होती. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते, म्हणून इंग्रजांची १ ते ४ जून हीच डचांची ११ ते १४ जून होय. मात्र ‘डच म्हणजे नवी तारीख’ असा सरसकट नियम करू नये, कारण फ्रीसलंड, खेल्डरलंड यांसारखे काही डच प्रांत अठराव्या शतकाच्या तोंडापर्यंत जुनीच कालगणना वापरत होते. पत्र कोठून लिहिले आहे हे पाहिल्याशिवाय दहा दिवस मिळवू किंवा वजा करू नयेत.

पडताळणीची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे वार. दोन्ही कालगणनांत तारीख बदलते, वार बदलत नाही. लढाईचा पहिला दिवस शुक्रवार होता. इंग्रज लेखकाचा १ जून शुक्रवार आणि डच लेखकाचा ११ जूनही शुक्रवार. एखाद्या टिपणात तारीख आणि वार जुळत नसतील, तर तेथे नकलनवीस तरी चुकला आहे किंवा पुढच्या काळातील संपादकाने तारीख अर्धवट बदलली आहे.

मराठी वाचकाला ही भानगड नवी वाटू नये. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या कालगणनेतील आहे. नव्या कालगणनेने तो दिवस १६ जून येतो, आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी त्याच दिवसाशी जुळते. ज्याला हे ठाऊक आहे त्याने उत्तर समुद्रावरील लढाईसाठीही तिथी काढून पाहावी, असा माझा आग्रह आहे. आम्ही ती काढली. लढाईचा तिसरा दिवस ज्येष्ठ शुद्ध एकादशीच्या सुमारास येतो. याचा उपयोग नुसत्या हौसेपुरता नाही. चंद्र अर्ध्याहून मोठा आणि वाढता, मध्यरात्र उलटल्यावर मावळणारा होता. म्हणून रात्रीच्या पूर्वार्धात दिसलेल्या गोष्टींबद्दल कोणी लिहिले असेल, तर आभाळ स्वच्छ असल्यास ते शक्य होते. भरतीचेही तसेच आहे. चेंदणी कोळीवाड्यातील जाणत्या माणसाला एकादशी सांगितली, तर तो लगेच भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, दिवस म्हणतो. चंद्र तोच, म्हणून हा हिशेब तिकडच्या समुद्रालाही लागू पडतो. त्या दिवशी गॅलपर नावाच्या वाळूच्या दांड्यावर ‘रॉयल प्रिन्स’ हे मोठे इंग्रज जहाज रुतले. एखाद्या लेखकाने तेथे उधाणाचे वर्णन केले असेल, तर त्या वाक्यापुढे आपण प्रश्नचिन्ह टाकावे.

वर्षाचेही एक लफडे आहे. इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या पहिल्या चोवीस दिवसांवर मागील वर्षाचा आकडा पडतो. वर उल्लेखिलेल्या मुंबईपुढील डच आरमाराच्या प्रसंगाची इंग्रजी पत्रे १६७२ किंवा १६७२/७३ अशी दिनांकित असली, तर दचकू नये. शिवाय अनेक जहाजांच्या नोंदवहीत दिवस मध्यरात्रीऐवजी मध्यान्हापासून मोजला जाई. दुपारी घडलेली घटना दोन वह्यांत एका दिवसाच्या फरकाने आली, तर दोघांपैकी कोणालाही खोटे म्हणण्याआधी ही शक्यता पाहावी.

नावे आणि मापे

एकच माणूस दोन नावांनी आणि दोन माणसे एकाच नावाने वावरतात. इंग्रज आरमाराचा मुख्य सेनानी जॉर्ज मंक हाच ड्यूक ऑफ अल्बमार्ल. आमच्या वर्गातील एका टिपणात हे दोघे निरनिराळे सेनानी झाले होते आणि त्यांचा आपापसांत पत्रव्यवहारही सुचवला गेला होता. डच बाजूला एव्हर्टसेन घराण्याने याहून मोठा गोंधळ करून ठेवला आहे. थोरले कॉर्नेलिस एव्हर्टसेन पहिल्या दिवशी मारले गेले, त्यांचे बंधू योहान सात आठवड्यांनंतरच्या लढाईत मारले गेले, आणि पुढच्या पिढीतही दोन कॉर्नेलिस आरमारातच होते. शिवरायांचे थोरले बंधू संभाजी आणि पुत्र संभाजी यांची ज्याने कधी गल्लत केली असेल, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जहाजांची नावे तर अधिक सावधपणे पाहावीत. ‘झेव्हनवोल्डन’ हे डच जहाज १६६५ मध्ये इंग्रजांनी पकडले, ते ‘सेव्हन ओक्स’ या नावाने इंग्रज आरमारात लढले आणि या लढाईत डचांनी ते परत मिळवले. डच ईस्ट इंडिया कंपनीचे ‘नाखेलबोम’ इंग्रजांकडे ‘क्लोव्ह ट्री’ झाले आणि तेही परत गेले. दोन्ही बाजूंच्या याद्या शेजारी ठेवून नुसती बेरीज केली, तर एकच जहाज दोनदा मोजले जाते. लढायांनाही दुहेरी नावे आहेत. इंग्रज ज्या १६७३ च्या लढाईला टेक्सल म्हणतात तिला डच काइकडाउन म्हणतात, आणि १६५३ ची स्खेव्हनिंगन हीच डच साधनांतील टेर हाइडे. वहीच्या शेवटी नावांचा एक कोश करत जावे, एका नावाखाली त्याची सर्व रूपे लिहावीत, आणि नवे रूप भेटले की त्याच दिवशी भर घालावी.

अंतरांबाबत एवढेच ध्यानात असू द्यावे की डच दर्यावर्दींचा मैल सुमारे ७.४ किलोमीटरचा होता, म्हणजे इंग्रजी मैलाच्या चौपटीहून अधिक. ‘शत्रू दोन मैलांवर दिसला’ हे वाक्य कोणत्या भाषेतून आले आहे हे पाहिल्याशिवाय नकाशावर खूण करू नये. आपल्याकडील कोस प्रांतोप्रांती बदलत असे, तसाच हा प्रकार आहे. भाषांतराविषयी आणखी एक सूचना करतो. शत्रूच्या अंगावर सोडायच्या, दारू आणि डांबर भरून पेटवलेल्या जहाजाला मराठीत ‘आगबोट’ लिहू नये. आगबोट म्हणजे वाफेवर चालणारी बोट, आणि वाचक नेमका तोच अर्थ घेतो. ‘पेटते जहाज’ म्हटले की भागते.

विधानांचा तक्ता

आता मुख्य कामाकडे वळू. मोठी हिशेबाची वही घ्यावी किंवा संगणकावर तक्ता आखावा, पण एका ओळीत एकच विधान लिहावे. रकाने पाच असावेत: विधान काय आहे, ते कोणी केले, लढाईच्या वेळी तो माणूस कोठे होता, त्याने ते केव्हा लिहिले, आणि कोणासाठी लिहिले. पाचवा रकाना भरायचा कंटाळा येतो आणि नेमका तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो. वृत्तांतातील एक परिच्छेद फोडला की त्यातून कधी आठ, कधी दहा विधाने निघतात. हे काम रटाळ वाटते हे खरे, पण परिच्छेद न फोडता दोन वृत्तांत शेजारी ठेवले, तर मन आपोआप अधिक चांगल्या लिहिणाऱ्याच्या बाजूला झुकते.

चौथ्या आणि पाचव्या रकान्याचे महत्त्व एका उदाहरणाने दाखवतो. लढाईच्या आदल्या दिवसांत इंग्रज आरमाराचे दोन भाग करण्यात आले होते. फ्रान्सने जानेवारी १६६६ मध्ये युद्ध पुकारल्यामुळे फ्रेंच आरमार पश्चिमेकडून येईल अशी भीती होती, म्हणून प्रिन्स रूपर्टला सुमारे वीस जहाजे देऊन तिकडे पाठवले, आणि मंककडे छप्पन्नच्या आसपास जहाजे उरली. समोर मिखिल दे राउटर यांच्याकडे पंच्याऐंशीच्या आसपास होती. हा निर्णय कोणाचा आणि रूपर्टला परत बोलावण्यास उशीर कोणामुळे झाला, यावर मंक आणि रूपर्ट यांनी सविस्तर लिहिले आहे. पण ते लेखन ऑक्टोबर १६६७ मध्ये, संसदेच्या चौकशीपुढे, मेडवे नदीत शिरून डचांनी इंग्रज जहाजे जाळली त्या मानहानीनंतर, दोष कोणाच्या पदरात टाकायचा हे ठरत असताना झाले. त्याच माणसांची जून १६६६ मधील पत्रे वेगळ्या घाईत, वेगळ्या वाचकासाठी लिहिलेली आहेत. दोन्ही उताऱ्यांखाली सही एकाच माणसाची असली, तरी तक्त्यात ती दोन स्वतंत्र साधने म्हणून लिहावीत.

‘डच साधन’ असेही काही एकसंध नसते. तेथे पाच वेगवेगळ्या नौदल कचेऱ्या होत्या, त्यांच्यात चुरस होती, आणि दे राउटर व कॉर्नेलिस ट्रॉम्प हे दोन सेनानी राजकारणातही विरुद्ध गोटांतील मानले जात. ट्रॉम्पच्या धाडसाची स्तुती किंवा त्याच्या बेशिस्तीची निंदा करणारे वाक्य आले, की ते कोणत्या गोटातून आले आहे हे पाहावे.

कोणाला काय दिसू शकत होते

तिसरा रकाना भरताना लेखकाला जहाजावर, किनाऱ्यावर किंवा कचेरीत प्रत्यक्ष उभे करून पाहावे. सॅम्युएल पीप्स लंडनमध्ये नौदलाच्या कचेरीत अधिकारी होते. त्यांची रोजनिशी लघुलिपीत आहे आणि ती छापण्यासाठी लिहिलेली नव्हती, म्हणून तिचे मोल फार आहे. पण लढाई त्यांनी पाहिलेली नाही. २ जूनला ग्रिनिचच्या बागेत उभे राहून त्यांनी तोफांचा आवाज ऐकला. या विधानातून त्या दिवशी लढाई चालू होती आणि आवाज तेथपर्यंत पोहोचत होता एवढेच निघते. कोण जिंकत होते हे त्यातून निघत नाही.

४ जूनला मात्र त्यांच्यापुढे आरमारातून आलेला एक माणूस उभा राहिला. पीप्स यांनी त्याचे नाव डॅनियल असे दिले आहे. त्याचा चेहरा धुराड्यासारखा काळा, अंगावर चिखल, डांबर आणि दारूची पूड, घाणेरड्या चिंध्या गुंडाळलेल्या आणि उजव्या डोळ्यावर जहाजाच्या फटी बुजवायच्या तागाचा बोळा. पीप्स त्याला आणि त्याच्या सोबत्याला थेट राजाकडे घेऊन गेले. हा प्रत्यक्षदर्शी आहे यात शंका नाही, आणि त्याचा तो चेहरा वाचून कोणाचेही मन त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार होते. तरी तक्त्यात त्याच्या नावापुढे लिहायचे ते हे, की त्याने ३ जूनच्या संध्याकाळीच आरमार सोडले होते. चौथ्या दिवसाबद्दल त्याच्याकडून आलेले काहीही प्रत्यक्षदर्शी ठरत नाही. ६ जूनला लंडनमध्ये विजयाची बातमी पसरली आणि आनंदाने शेकोट्या पेटल्या. ७ जूनला पीप्स यांनी लिहिले की खरे वृत्त उलटे आहे, जहाजे आणि चांगले सेनानी गमावले आहेत आणि शत्रूचे एकही जहाज हाती लागलेले नाही. एकाच लेखकाच्या लागोपाठच्या दोन दिवसांच्या या दोन नोंदी वेगवेगळ्या ओळींत लिहाव्यात, आणि दुसरी आली म्हणून पहिली खोडू नये. लंडनमध्ये काय समजले जात होते, याचा पुरावा म्हणून पहिलीही खरीच आहे.

तिसऱ्या पक्षाचे साधन मिळाले तर ते सोन्यासारखे जपावे. कोंत दे गीश हा फ्रेंच सरदार डच जहाजावर स्वयंसेवक म्हणून होता. ते जहाज पहिल्याच दिवशी पेटले आणि तो वाचला. त्याने आपल्या आठवणींत लढाईबद्दल लिहिले आहे. इंग्रजांबद्दल त्याला प्रेम नव्हते, पण डच कचेऱ्यांच्या भांडणात त्याला काही मिळवायचेही नव्हते. चित्रकार विलेम फान दे फेल्डे थोरले एका लहान गलबतातून लढाईच्या जवळ फिरत रेखाटने करीत होते. येथे एक भेद पाळावा. जागेवर घाईने काढलेले पेन्सिलीचे रेखाटन हे एक साधन, आणि नंतर कार्यशाळेत बसून गिऱ्हाइकासाठी केलेले मोठे चित्र हे दुसरे. जहाजांची परस्परांतील जागा पाहायची असेल, तर रेखाटनाकडे जावे. मोठ्या चित्रात रचनेसाठी जहाजे हलवलेली असू शकतात.

ज्या ठिकाणी साक्षी भांडतात तेथे वाऱ्याला विचारावे, कारण वारा दोन्ही आरमारांना एकच असतो. पहिल्या दिवशी नैर्ऋत्येचा जोराचा वारा होता. डच आरमार नांगर टाकून उभे होते आणि मंक वाऱ्याच्या बाजूने त्याच्यावर चालून आला, तेव्हा डचांनी नांगरांचे दोर तोडून शिडे उभारली. इंग्रज म्हणतात की आमच्या खालच्या मजल्यावरील तोफांच्या खिडक्या उघडता आल्या नाहीत. हे पराभवानंतरचे निमित्त वाटते, आणि आमच्या वर्गात पहिल्यांदा ते निमित्त म्हणूनच बाजूला टाकले गेले. मग एका सभासदाने कागदाची होडी टेबलावर ठेवून एका बाजूने फुंकर मारली. होडी फुंकरीपासून दूर कलली. इंग्रजांच्या पाठीशी वारा आणि कलत्या अंगाला शत्रू, म्हणजे ज्या बाजूने तोफा डागायच्या तीच बाजू पाण्याकडे झुकलेली. खालची खिडकी उघडली तर समुद्र आत येणार. डचांची इंग्रजांकडील बाजू मात्र उचललेली होती, त्यांना खालच्या तोफा वापरता येत होत्या. निमित्त म्हणून सांगितलेली गोष्टही खरी असू शकते. तिचा निकाल सांगणाऱ्याच्या हेतूवरून लावू नये. हेतू कळला की पडताळणी अधिक कसोशीने करावी, एवढेच.

आकडे का जुळत नाहीत

डच जहाजे चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशी, इंग्रज चोपन्न की अठ्ठावन्न, यावर आमचे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सकाळी आम्ही चौघे मासुंदा तलावावर गेलो. दोघे कौपिनेश्वराच्या बाजूला बसले, दोघे गडकरी रंगायतनाच्या बाजूला, आणि पंधरा मिनिटांत पाण्यावर किती होड्या होत्या हे प्रत्येकाने न बोलता लिहिले. चार आकडे निघाले. एकाने काठाला बांधलेल्या होड्या धरल्या होत्या, एकाने फक्त चालत्या, एकाने पायाने चालवायच्या वेगळ्या काढल्या होत्या, आणि एकीने परत आलेली होडी पुन्हा सुटल्यावर दुसरी होडी म्हणून मोजली होती. कोणीही खोटे बोलले नव्हते. पंधरा मिनिटांचा हा प्रयोग प्रत्येक नवख्या अभ्यासकाने करून पाहावा, असे मी मनापासून सांगेन.

आरमारातही असेच होते. पेटती जहाजे धरली की नाहीत, निरोप नेणारी लहान गलबते मोजली की नाहीत, बंदरातून निघालेली पण वेळेवर न पोहोचलेली जहाजे कोणत्या दिवशी धरली, हे ठरवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी ‘काय मोजले’ आणि ‘कोणत्या दिवशी’ हे लिहावे. दोन आकड्यांची सरासरी कधीही काढू नये. चोपन्न आणि अठ्ठावन्न यांच्या मधला छप्पन्न हा आकडा कोणीच मोजलेला नसेल, तर तो साक्षी नव्हे. वर मी छप्पन्नच्या आसपास असे लिहिले ते जहाजांच्या नावांच्या याद्यांवरून.

नुकसानीसाठी वेगळा नियम ठेवावा. शत्रूची किती जहाजे बुडवली याबद्दल कोणाच्याही बढाईवर विसंबू नये. आपली किती गेली, हे ज्याची गेली त्याच्याच यादीवरून पाहावे. किती पकडली, हे पकडणाऱ्याला दाखवता आले पाहिजे. ‘स्विफ्टशुअर’ हे इंग्रज जहाज पहिल्या दिवशी डचांच्या हाती लागले, त्यावरील व्हाइस ॲडमिरल विल्यम बर्कली मारला गेला, त्याचे शव हेगला नेण्यात आले आणि जहाज पुढे ‘औट्सहोर्न’ या नावाने डच आरमारात चालले. इतके धागे एकमेकांना बांधलेले असतील, तर शंकेला जागा राहत नाही. अशा रीतीने नावानिशी मोजणी केली की इंग्रजांची दहा आणि डचांची चार जहाजे गेली हा आकडा बसतो. माणसांच्या बाबतीत इतकी घट्ट मोजणी होत नाही, तेथे ‘हजाराहून अधिक इंग्रज ठार’ असे मोकळे विधानच ठेवावे.

खुंट्या रोवणे आणि निकाल लिहिणे

घटनांचा क्रम लावताना ज्या गोष्टी दोन्ही बाजू मान्य करतात त्या आधी वेगळ्या काढाव्यात. आम्ही त्यांना खुंट्या म्हणतो. पहिल्या दिवशी थोरल्या एव्हर्टसेनांचा मृत्यू, दुसऱ्या दिवशी डच व्हाइस ॲडमिरल फान डर हुल्स्ट यांचा मृत्यू, तिसऱ्या दिवशी ‘रॉयल प्रिन्स’ रुतणे, त्यावरील इंग्रज सेनानी सर जॉर्ज एस्क्यू यांची शरणागती आणि दे राउटर यांच्या हुकमाने जहाज जाळले जाणे, त्याच संध्याकाळी रूपर्टच्या जहाजांचे आगमन, चौथ्या दिवशी इंग्रज सेनानी सर क्रिस्टोफर मिंग्ज यांना झालेली प्राणघातक जखम आणि अखेरीस पडलेले धुके. बाकीची विधाने या खुंट्यांच्या आधी की नंतर, एवढेच ठरवून टांगत जावीत. घड्याळाची वेळ दिलेली असली तरी तिच्यापेक्षा क्रमावर अधिक भरवसा ठेवावा, कारण वेळ वाळूच्या घड्याळावर मोजलेली असते आणि लढाईच्या धामधुमीत ते उलटायला कोणी विसरले नसेल याची हमी नाही.

एकाच खुंटीवर खरे आणि शंकास्पद असे दोन्ही लटकलेले असते. एव्हर्टसेन मारले गेले हे सर्वमान्य आहे. ते जॉन हार्मन याच्या ‘हेन्री’ जहाजाच्या तोफांनी मारले गेले, हेही सामान्यतः मान्य केले जाते. पण त्याआधी एव्हर्टसेनांनी शरण यायला सांगितले आणि हार्मनने अजून तशी वेळ आलेली नाही असे सुनावले, हा संवाद इंग्रज परंपरेतून येतो. पेटलेल्या शिडांच्या आणि तोफांच्या गदारोळात तो कोणी ऐकला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मी तो वाक्प्रयोग लिहितो, पण ‘अशी इंग्रज परंपरा आहे’ या शब्दांसह.

कोण जिंकले, हा प्रश्न एका ओळीत विचारला की उत्तर कधीच जुळत नाही. त्याचे तुकडे करावेत. कोणाची जहाजे अधिक गेली, लढाई संपल्यावर समुद्रावर कोण राहिले, कोणाचा हेतू साधला, आणि पुढे कोण किती लवकर पुन्हा उभे राहिले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निर्विवादपणे डचांच्या बाजूचे आहे. दुसऱ्यावर धुके आहे, शब्दशः. चौथ्याचे उत्तर दोघांनाही न्याय देते, कारण सातच आठवड्यांनी, २५ जुलैला, म्हणजे नव्या कालगणनेच्या ४ ऑगस्टला, इंग्रज आरमार पुन्हा बाहेर पडले आणि त्या लढाईत त्यांनी डचांना मागे रेटले. म्हणून ‘चार दिवसांच्या लढाईत डचांचा विजय झाला, पण इंग्रज आरमार निकामी झाले नाही’ असे मी लिहितो.

तक्ता भरला की वृत्तांत लिहिताना क्रियापदांवर लक्ष ठेवावे. ‘झाले’ हे क्रियापद दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टींसाठी राखावे. एकाच बाजूने सांगितलेल्या गोष्टीला ‘असे इंग्रज कप्तान सांगतात’ अशी जोड द्यावी, आणि आपण अनुमान केले असेल तर ‘असे दिसते’ म्हणावे. न सुटलेला विरोध तळटिपेत लपवू नये. तो मजकुरातच, दोन्ही आवाजांसह ठेवावा. आमच्या वहीतील पहिल्या दिवसाचा परिच्छेद शेवटी असा झाला:

‘शुक्रवार, १ जून १६६६ (नवी कालगणना ११ जून) रोजी मंकने नैर्ऋत्येच्या जोरदार वाऱ्यासह नांगरलेल्या डच आरमारावर हल्ला केला. त्याच्याकडे छप्पन्नच्या आसपास आणि दे राउटर यांच्याकडे पंच्याऐंशीच्या आसपास जहाजे होती. दोन्ही आकडे कोणती लहान जहाजे धरली यावर थोडे बदलतात. इंग्रज कप्तान सांगतात की खालच्या तोफा वापरता आल्या नाहीत, आणि वाऱ्याची दिशा पाहता ते खरे दिसते. “स्विफ्टशुअर” डचांच्या हाती लागले व बर्कली मारला गेला. डचांचे थोरले एव्हर्टसेन मारले गेले. त्यांच्या आणि हार्मनच्या तोंडी घातलेला संवाद ही इंग्रज परंपरा आहे.’

एवढ्या आठ-दहा ओळींमागे वहीची अकरा पाने आहेत. ती पाने फाडू नयेत, त्यांवर तारखा टाकून ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवसासाठी नवे पान आखायला घ्यावे.